‘ॲव्होकॅडो म्हणजे अंडकोष’ : एका लोकप्रिय फॉरवर्डचा मुद्देसूद प्रतिवाद

फिरणारा मजकूर थोडक्यात असा आहे: ‘ॲव्होकॅडो हे नाव ॲझ्टेक भाषेतल्या अंडकोष या शब्दावरून आलं. फळं जोडीजोडीनं लटकतात म्हणून झाडाला ते लोक अंडकोषांचं झाड म्हणत. ग्वाकामोले म्हणजे अंडकोषांची चटणी. तोडणीच्या दिवसांत कुमारिकांना घरात कोंडून ठेवत. स्पॅनिश लोकांना शब्द उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचा वकील करून टाकला. पुढे अमेरिकन बागायतदारांनी लाज झाकायला ॲव्होकॅडो हे नाव शोधून काढलं.’ स्वयंपाकाच्या रील्सखाली, सामान्यज्ञानाच्या पानांवर आणि घरच्या ग्रुपवर तो सारखा दिसतो.

या मजकुरात एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्याच आधारावर बाकीचं खपून जातं. म्हणून आधी ती सांगतो. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आलोन्सो दे मोलिना यांनी 1571 साली मेक्सिको शहरात नावात्ल (ॲझ्टेक लोकांची भाषा) आणि स्पॅनिश या भाषांचा मोठा शब्दकोश छापला. त्यात ‘आवाकत्ल’ या मूळ नावात्ल शब्दापुढे दोन अर्थ आहेत: पहिला ‘माहितीतलं फळ’, आणि त्यानंतर ‘किंवा वृषण’. म्हणजे सोळाव्या शतकात हा शब्द अंडकोषासाठीही वापरला जात होता, याला छापील पुरावा आहे. तो नाकारायचं कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की फळाला अंडकोषाचं नाव मिळालं, की अंडकोषाला फळाचं? फॉरवर्ड पहिलं गृहीत धरतो. पुरावे दुसऱ्या बाजूचे आहेत.

दावा: ‘शब्दाचा मूळ अर्थ अंडकोष’

आधी शब्द नीट वाचू. भाषेचं नाव ‘ॲझ्टेक’ नाही, नावात्ल आहे. आपल्याकडे ते ‘नाहुआत्ल’ असंही लिहितात. 2020च्या मेक्सिकन जनगणनेनुसार ती बोलणारे सुमारे साडेसोळा लाख लोक आहेत, म्हणजे ही मेलेली भाषा नाही. स्पॅनिश धर्मगुरूंनी ती रोमन लिपीत उतरवली तेव्हा स्पॅनिशचेच संकेत वापरले. स्पॅनिशमध्ये ‘एच’ मुका असतो, आणि ‘एच-यू-ए’ ही तीन अक्षरं एकत्र आली की उच्चार ‘वा’ होतो. त्यामुळे मराठी मजकुरांत दिसणारं ‘अहुआकात्ल’ हे स्पेलिंगचं वाचन झालं, उच्चार नव्हे. उच्चार ‘आवाकत्ल’च्या जवळ जातो: पहिला ‘आ’ लांब, जोर ‘वा’वर, आणि शेवटचा ‘त्ल’ हा एकच व्यंजन म्हणून उच्चारायचा, त्यामागे स्वर येत नाही. हा ‘त्ल’ नामाला लागणारा प्रत्यय आहे. शब्दाचं अंग ‘आवाक’. समास करताना ‘त्ल’ गळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागेल.

आता पुरावे. नावात्लमध्ये अंडकोषासाठी स्वतःचा, सरळ शब्द होता: ‘आतेत्ल’. ‘आत्ल’ म्हणजे पाणी आणि ‘तेत्ल’ म्हणजे दगड. या भाषेत गोल, टणक गोष्टींना ‘तेत्ल’ जोडायची पद्धत आहे. अंड्यालाही ‘तोतोल्तेत्ल’, म्हणजे टर्कीच्या मादीचा दगड, म्हणत. हा ‘आतेत्ल’ मोलिनाच्या कोशातही आहे. म्हणजे या अवयवाला नाव नव्हतं म्हणून फळाचं उसनं घेतलं असं झालेलं नाही. नाव होतंच, वर एक आडपडद्याचा शब्द होता.

असे आडपडद्याचे शब्द सगळीकडे असतात. मराठीत ‘गोट्या’ कशासाठी वापरतात हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. म्हणून गोटी या खेळाच्या वस्तूचं नाव अंडकोषावरून पडलं असं कुणी म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये हेच काम ‘उएवोस’, म्हणजे अंडी, हा शब्द करतो. आणि सगळ्यात बोलका दाखला खुद्द मोलिनाच्या त्या नोंदीतच आहे. ‘वृषण’ हा अर्थ देताना त्यांनी जो स्पॅनिश शब्द लिहिला आहे तो ‘कोम्पान्योन’. हा ‘सोबती’ या अर्थाच्या शब्दापासून झालेला आहे; दोघं सोबतीनं असतात म्हणून. एका भाषेतल्या आडपडद्याच्या शब्दाचा अर्थ कोशकारानं दुसऱ्या भाषेतल्या आडपडद्याच्या शब्दानं दिला. फॉरवर्डचं तर्कशास्त्र लावायचं तर ‘सोबती’ या शब्दाचाही मूळ अर्थ अंडकोष धरावा लागेल.

उलट दिशेचं उदाहरणही आहे आणि ते तपासून पाहण्यासारखं आहे. ऑर्किड हे नाव खरोखरच अंडकोषावरून आलं. ग्रीक ‘ऑर्किस’ म्हणजे अंडकोष. काही ऑर्किडांच्या मुळाशी दोन गोल कंद असतात, त्यावरून वनस्पतीला ते नाव मिळालं. तिथे दिशा कशी ठरली? ग्रीकमध्ये अवयवाचा अर्थ जुना आहे, आणि त्याच अर्थाचे शब्द नात्यातल्या इतर भाषांतही सापडतात. आवाकत्लच्या बाबतीत हीच कसोटी लावली की उत्तर उलटं येतं. नावात्ल ही उटो-ॲझ्टेकन कुळातली. या कुळाच्या नावात्ल शाखेच्या आद्य रूपात हा शब्द ‘पावा’ असा होता, आणि त्याचा अर्थ ॲव्होकॅडो हाच होता, असं भाषाशास्त्रज्ञांनी पुनर्रचनेतून दाखवलं आहे. सुरुवातीचा ‘प’ गेला कुठे, असं कुणी विचारेल. या कुळातल्या शब्दारंभीचा ‘प’ नावात्लमध्ये गळतो. पाण्याला याच कुळातल्या होपी भाषेत ‘पाहू’ म्हणतात; नावात्लमध्ये तेच ‘आत्ल’ झालं. एकाच नियमानं दोन्ही शब्द बदलले. म्हणजे ॲझ्टेक साम्राज्य उभं राहण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द फळाचा होता. फळ तर त्याहून जुनं: मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातल्या तेवाकान खोऱ्यात, कोश्कात्लान गुहेत ॲव्होकॅडोचे सुमारे 9 ते 10 हजार वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेले आहेत.

गावांची नावंही साक्षीला आहेत. मेक्सिकोत ‘आवाकात्लान’ नावाची गावं आहेत, नायारितमध्ये एक, पुएब्लामध्ये एक. ‘त्लान’ हा स्थानवाचक प्रत्यय, आपल्या ‘वाडी’ किंवा ‘गाव’ सारखा. साधारण 1541 सालच्या कोडेक्स मेन्डोसा या चित्रलिखित दस्तऐवजात हे नाव ‘लिहिलेलं’ आहे ते असं: एक ॲव्होकॅडोचं झाड, आणि त्याच्या खोडाला दात. दाताला ‘त्लान्त्ली’ म्हणतात, म्हणून ‘त्लान’ हा ध्वनी दाखवायला दात काढला. लिहिणाऱ्यानं ‘आवाक’साठी झाड काढलं. चित्रलिपीत शब्दाचा पहिला, उघड अर्थ काय होता हे याहून स्पष्ट कसं दाखवणार?

दावा: ‘अंडकोषांचं झाड, कारण फळं जोडीनं लटकतात’

या विधानात दोन चुका एकमेकींच्या आधारानं उभ्या आहेत. पहिली भाषेची. इंग्रजी मजकुरात झाडाचं नाव बहुतेक वेळा ‘आवाक्वावित्ल’ किंवा त्याचं मोडकं रूप दिलेलं असतं. ‘क्वावित्ल’ म्हणजे झाड, इथवर ठीक. पण ॲव्होकॅडोचं झाड म्हणायचं तर अंग ‘आवाक’ पूर्ण घ्यावं लागतं: ‘आवाकक्वावित्ल’. त्यातला एक ‘क’ गाळला की उरतं ‘आवा-क्वावित्ल’, आणि ‘आवात्ल’ म्हणजे ओक. म्हणजे फॉरवर्डमध्ये ‘अंडकोषांचं झाड’ म्हणून दिलेला शब्द प्रत्यक्षात ‘ओकचं झाड’ असा आहे. नकलेवरून नक्कल करताना एक अक्षर गळलं आणि कुणीच मूळ शब्द उलगडून पाहिला नाही, त्याचा हा परिणाम.

दुसरी चूक झाडाची. ॲव्होकॅडोच्या एका तुऱ्यात शेकडो बारीक, पिवळसर हिरवी फुलं असतात. प्रत्येक फूल दोनदा उमलतं: पहिल्यांदा मादी म्हणून, मग मिटून दुसऱ्यांदा नर म्हणून. ‘अ’ गटाच्या जातीत मादी अवस्था सकाळी आणि नर अवस्था दुसऱ्या दिवशी दुपारी येते. ‘ब’ गटात मादी दुपारी आणि नर दुसऱ्या दिवशी सकाळी. हास ही जात ‘अ’ गटातली, फुएर्ते ‘ब’ गटातली. म्हणून बागेत दोन्ही गटांची झाडं जवळ लावतात. या वेळा थंडीनं किंवा ढगाळ हवेनं सरकल्या की परागीभवन फसतं. शिवाय धरलेली बहुतेक फळं मोहरीएवढी असतानाच गळतात. शेवटी तुऱ्याला एखादं फळ राहतं, कधी दोन, कधी तीन-चार, पुष्कळदा एकही नाही. ‘जोडी’ हा नियम नाही. दोन फळं लटकलेला फोटो निवडून घेतलेला असतो.

आणि तो फोटो हासचा असतो. जाड, खडबडीत सालीची ही जात कॅलिफोर्नियात रूडॉल्फ हास यांच्या बागेत उगवली आणि त्यांनी 1935 साली तिचं पेटंट घेतलं. मध्य मेक्सिकोच्या पठारावर जे ॲव्होकॅडो लोक खात होते ते मेक्सिकन वंशाचे: लहान, पातळ आणि गुळगुळीत काळसर सालीचे, पानांना बडीशेपेचा वास असलेले. जातीजातींचा फरक त्यांना नीट माहीत होता, त्याचा दाखला पुढे येतोच.

दावा: ‘ग्वाकामोले म्हणजे अंडकोषांची चटणी’

मूळ शब्द ‘आवाकामोल्ली’. ‘आवाक’ आणि ‘मोल्ली’. मोल्ली म्हणजे वाटून केलेली चटणी किंवा दाट रस्सा. आज मेक्सिकोत ‘मोले’ म्हणून जे पदार्थ मिळतात ते याच शब्दाचे. हे वाटण ज्या दगडी खलात करतात त्याचं नाव ‘मोल्काहेते’, मूळ ‘मोल्काशित्ल’: मोल्ली आणि वाडगा. काही मजकुरांत ‘मोले’ हे स्पॅनिशच्या ‘दळणे’ या क्रियापदावरून आलं असंही म्हटलेलं असतं. तो नुसता ध्वनीचा योगायोग आहे.

चटणीच्या नावातला पहिला भाग तिच्यातला मुख्य जिन्नस सांगतो, आपल्या शेंगदाण्याच्या चटणीसारखाच. ‘चिल्मोल्ली’ म्हणजे मिरचीची मोल्ली. ज्या पदार्थात फळ घातलेलं आहे त्याच्या नावातला फळाचा शब्द सोडून त्याच शब्दाचा आडपडद्याचा अर्थ उचलणं म्हणजे अर्थ लावणं नव्हे, चावटपणा आहे.

जाता जाता याच मजकुरांतली आणखी एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. ‘ॲझ्टेकांची 500 वर्षांपूर्वीची पाककृती’ म्हणून कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घातलेलं ग्वाकामोले दाखवतात. हे तिन्ही जिन्नस स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत आले. त्याआधीच्या मोल्लीत ॲव्होकॅडो, मिरची, टोमॅटो आणि मीठ एवढंच असू शकतं. आजची साधी मेक्सिकन रीत अशी: 2 पिकलेल्या ॲव्होकॅडोंना 1 हिरवी मिरची, 2 चमचे बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर आणि अर्धा चमचा मीठ. आधी मिरची, कांदा, कोथिंबीर आणि मीठ खलात वाटून घ्यायचं, मग गर घालून फक्त मोडायचा, गुळगुळीत करायचा नाही. वर लिंबू आणि टोमॅटोच्या फोडी. क्रम उलटा केला की गर घोटला जातो आणि मिरचीची चव कुठे तिखट, कुठे काहीच नाही अशी लागते. मिक्सरमध्ये फिरवलं तर हवा मिसळून ते लवकर काळं पडतं.

दावा: ‘तोडणीच्या वेळी कुमारिकांना कोंडून ठेवत’

या गोष्टीला कुठल्याच फॉरवर्डमध्ये स्रोत दिलेला नसतो. सोळाव्या शतकातल्या मेक्सिकोबद्दल बोलायचं तर स्रोतांची वानवा नाही. स्पॅनिश धर्मगुरू बेर्नार्दिनो दे साआगुन यांनी नावात्लभाषक जाणकारांकडून माहिती घेऊन जो 12 भागांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तो फ्लोरेन्टाईन कोडेक्स म्हणून ओळखला जातो. त्याच्या अकराव्या भागात ॲव्होकॅडोची माहिती आहे: पानं गर्द हिरवी, फळ बाहेरून काळं, आत हिरवट-पांढरा तुपकट गर, मधे बी. मग त्याचे प्रकार: नुसता आवाकत्ल; ‘त्लाकासोलावाकत्ल’ म्हणजे आकारानं मोठा; आणि ‘किलावाकत्ल’, बाहेरून हिरवा, खायला उत्तम आणि मोलाचा. यात बायकांबद्दलचं पथ्य आहे, पण ते असं: मोठ्या जातीचं फळ अंगावर पाजणाऱ्या बाया खात नाहीत, कारण त्यानं बाळाला जुलाब होतात. हे आपल्या बाळंतिणीच्या पथ्याच्या जातीचं आहे. कोंडून ठेवण्याशी त्याचा संबंध नाही.

व्यवहाराच्या अंगानंही ही कथा टिकत नाही. ॲव्होकॅडो झाडावर पिकून मऊ होत नाही. फळ पूर्ण वाढलं तरी टणकच राहतं, आणि तोडल्यावर घरात ठेवल्यावर साधारण आठवड्याभरात मऊ होतं. त्यामुळे वाढलेलं फळ आठवडे, काही जातींत महिनोन्महिने झाडावरच राखून ठेवता येतं आणि लागेल तसं काढता येतं. शिवाय वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या वेळी तयार होतात. द्राक्षासारखा तोडणीचा ठरावीक पंधरवडा इथे नसतो. मग मुलींना कोंडायचं किती महिने? झाडं घराच्या परसात, आणि बाजारात फळं विकायला बसणाऱ्यांत बायका होत्याच. साआगुनच्या दहाव्या भागात बाजारातल्या विक्रेत्या बायकांची वर्णनं भरपूर आहेत.

हे फळ कामोत्तेजक आहे ही कल्पना मात्र जुनी आहे, आणि ती कुठून आली हे दाखवता येतं. स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानं पाठवलेले वैद्य फ्रान्सिस्को एर्नान्देस 1570च्या दशकात मेक्सिकोत वनस्पतींची नोंद करत होते. त्यांनी लिहिलं की हे फळ उष्ण, स्निग्ध आणि ओलसर प्रकृतीचं आहे, ते कामवासना वाढवतं आणि शुक्रवृद्धी करतं. ही युरोपातल्या चार रसांच्या वैद्यकाची भाषा आहे: जे उष्ण आणि स्निग्ध ते वीर्यवर्धक, असं त्या शास्त्राचं सूत्रच होतं. शंभरेक वर्षांनी, 1697 साली, इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर यांनीही प्रवासवर्णनात लिहिलं की या फळानं वासना चाळवते असं म्हणतात आणि म्हणून स्पॅनिश लोकांना ते फार आवडतं. म्हणजे आज ‘ॲझ्टेकांची समजूत’ म्हणून जे सांगितलं जातं, त्याच्या लेखी खुणा युरोपीय वैद्याच्या आणि खलाशाच्या वहीत आहेत. कुमारिकांची कथा याच अफवेला नंतर फुटलेली फांदी दिसते.

ज्या संस्कृतींना या मजकुरात असं भोळसट आणि चवचाल रंगवतात, त्यांच्यात या झाडाचं स्थान काय होतं तेही सांगायला हवं. मेक्सिकोतल्या पालेन्के इथे 683 साली मरण पावलेल्या माया राजा पाकालच्या दगडी शवपेटीच्या बाजूंवर त्याचे पूर्वज फळझाडांसह जमिनीतून उगवताना कोरले आहेत. त्या झाडांत कोको, पेरू आणि ॲव्होकॅडो आहेत. माया भाषा वेगळ्या कुळातल्या. युकातेक मायामध्ये ॲव्होकॅडोला ‘ओन’ म्हणतात.

दावा: ‘स्पॅनिश लोकांना उच्चारता येईना म्हणून त्यांनी वकील केला’

इथे फॉरवर्ड दोन वेगळे शब्द एकात कालवतो. स्पॅनिशमध्ये या फळाला वकील म्हणत नाहीत. स्पॅनिश शब्द ‘आग्वाकाते’ आहे, जोर ‘का’वर, आणि तो मोडतोडीतून झालेला नाही, ठाम नियमांनी झालेला आहे. शब्दाच्या शेवटी ‘त्ल’ स्पॅनिश जिभेला जमत नाही. त्याचं नियमानं ‘ते’ होतं. ‘तोमात्ल’चं ‘तोमाते’, ‘कोयोत्ल’चं ‘कोयोते’, ‘त्सापोत्ल’चं ‘सापोते’, आणि पाट्याला असलेल्या ‘मेत्लात्ल’ या शब्दाचं ‘मेताते’. आपला टोमॅटो याच वाटेनं आला. चिकूला इंग्रजीत सपोटा म्हणतात तो शब्दही याच ‘सापोते’चा. दुसरा नियम: अक्षराच्या सुरुवातीला ‘व’सारखा ध्वनी आला की स्पॅनिश बोलणारे त्याआधी ‘ग’ लावतात. टर्कीला नावात्लमध्ये ‘वेशोलोत्ल’, मेक्सिकन स्पॅनिशमध्ये ‘ग्वाहोलोते’. आता दोन्ही नियम लावा: आवाकत्ल, आग्वाकत्ल, आग्वाकाते. ग्वाकामोलेतला ‘ग्व’ही तसाच आला, फक्त तिथे सुरुवातीचा ‘आ’ गळला.

वकील आला तो याच्या पुढच्या टप्प्यावर, आणि मुख्यतः परक्या भाषांत. वकिलाला स्पॅनिशमध्ये ‘आबोगादो’ म्हणतात, जुन्या लेखनात ‘व’ घालून ‘आवोकादो’ असंही. ऐकणाऱ्यांनी अपरिचित ‘आग्वाकाते’ या परिचित शब्दासारखा ऐकला. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या शेवटी हे रूप स्थिरावू लागलं. डॅम्पियर ‘आवोगातो’ लिहितात. फ्रेंचमध्ये आजही ‘आव्होका’ म्हणजे वकीलही आणि हे फळही. पण लिमा किंवा माद्रिदच्या मंडईत ‘आबोगादो’ मागितला तर कुणाला काही कळणार नाही.

‘उच्चारता येईना’ याऐवजी ‘ओळखता येईना’ म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं. मार्तिन फेर्नान्देस दे एन्सिसो यांनी 1519 साली छापलेल्या भूगोलाच्या पुस्तकात आजच्या कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या एका फळाचं वर्णन केलं: दिसायला संत्र्यासारखं, आत लोण्यासारखं, चवीला अप्रतिम. नाव दिलंच नाही. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो यांनी 1526 साली ते नासपतीच्या झाडांत घातलं, कारण आकार तसा. लोण्याची उपमा मात्र ज्यानं त्यानं आपापली शोधली. बेंगळुरू आणि कूर्गमध्ये हे फळ आजही ‘बटर फ्रूट’ म्हणूनच विकतात.

दावा: ‘अमेरिकन बागायतदारांनी लाज वाटून नाव बदललं’

बागायतदारांना एक नाव नको होतं हे खरं, पण ते ‘ॲलिगेटर पेअर’. मगरीच्या सालीवरून आणि नासपतीच्या आकारावरून पडलेलं हे नाव अमेरिकन बाजारात चालत होतं, आणि मगरीच्या नावानं महाग फळ विकणं अवघड होतं. 1915 साली कॅलिफोर्नियातल्या उत्पादकांनी संघटना काढली आणि ॲव्होकॅडो हे एकच नाव वापरावं असा आग्रह धरला. पण नाव त्यांनी शोधलेलं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1905 साली या फळावर काढलेल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच ‘ॲव्होकॅडो’ आहे, आणि इंग्रजीत तो शब्द त्याच्याही दोनशे वर्षं आधीपासून होता.

दावा: ‘स्पॅनिश देशांत हा शब्द उघड उच्चारू नका’

काही मजकुरांच्या शेवटी हा सल्ला असतो. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना तो पाठवलाही जातो, म्हणून यावर नीट सांगतो.

मेक्सिकोत ‘आग्वाकातेस’ हा अनेकवचनी शब्द गावरान बोलीत अंडकोषांसाठी वापरतात, हे खरं. पण मंडईत किलोनं आग्वाकाते मागताना कुणी वळूनही पाहत नाही. नावात्लमध्ये सोळाव्या शतकात जे होतं तेच आज स्पॅनिशमध्ये आहे: फळाचा शब्द फळाचाच, आणि चेष्टेत दुसरा अर्थ. पिकलेलं फळ आजच खायला हवं असेल तर दुकानदाराला ‘पारा ओय’, म्हणजे ‘आजसाठी’, असं सांगायचं. तो दाबून निवडून देतो. ‘पारा मान्याना’ म्हटलं की उद्यासाठीचं जरा टणक फळ देईल. नाहीतर हातात दगडासारखं फळ येतं आणि चार दिवस वाट पाहावी लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. दक्षिणेकडे हा शब्दच बदलतो. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं, कोलंबिया, व्हेनेझुएला, एक्वादोर आणि स्पेन इथे आग्वाकाते. पेरू, बोलिव्हिया, चिले, आर्जेन्टिना आणि उरुग्वे इथे ‘पाल्ता’. हा इन्का लोकांच्या केचुआ भाषेतला शब्द. पेरूचे इतिहासकार इन्का गार्सिलासो दे ला वेगा यांनी 1609 साली लिहिलं की इन्का सम्राट तुपाक इन्का युपान्कीनं पाल्ता नावाचा प्रांत जिंकला आणि तिथून हे फळ कुस्को या इन्का राजधानीजवळच्या उबदार खोऱ्यांत आणलं. तो प्रांत आजच्या एक्वादोरमधल्या ‘लोहा’ (Loja) नावाच्या भागात. तिथे ‘पाल्तास’ नावाचा तालुका अजून आहे, पण एक्वादोरचे लोक फळाला मात्र आग्वाकाते म्हणतात. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज ‘आबाकाते’, ज्याचा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘आबाकाची’ होतो. तिथे ते दूध-साखर घालून गोड खातात, त्यामुळे मीठ-मिरची घालून मागितलं तर ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटेल.

चिलेची राजधानी सान्तियागो इथे हॉटडॉगच्या गाडीवर ‘इतालियानो’ मागितला की त्यावर पाल्ता, टोमॅटो आणि मेयोनेज येतं. हिरवा, लाल, पांढरा, इटलीच्या झेंड्याचे रंग. पेरूची राजधानी लिमात ‘पाल्ता रेयेना’ म्हणजे अर्धं फळ, बीच्या खळग्यात कोंबडीचं किंवा भाज्यांचं सॅलड भरलेलं. शाकाहारी असाल तर मागवण्याआधी ‘सिन पोयो’ म्हणा, म्हणजे कोंबडीशिवाय. मेक्सिकोतल्या वाहाका आणि पुएब्लामध्ये मेन्यूवर ‘ओहा दे आग्वाकाते’ दिसलं तर ते फळ नव्हे, पान. तव्यावर भाजून, चुरून काळ्या घेवड्याच्या उसळीत घालतात, आपण तमालपत्र घालतो त्या जागी. यासाठी मेक्सिकन वंशाच्या झाडाचंच पान लागतं. चोळल्यावर बडीशेपेचा वास आला नाही तर ते दुसऱ्या वंशाचं, आणि ते घालून उसळीला काहीच चव येत नाही.